निंग्रुमचा हात

३ फेब्रुवारी

केंद्राच्या नोंदवहीत मुलाचं नाव, वेळ, कोणता सराव घेतला आणि किती वेळा जमला, एवढंच लिहायचं असतं. निंग्रुमच्या नावापुढे आज मी लिहिलं, ‘फुगे, मेणबत्ती, चित्रं. प्रतिसाद नाही.’ अकरा महिने हेच लिहिते आहे. पानं चाळली तर बदललेली दिसते ती फक्त शाई. म्हणून ही दुसरी वही घेतली. हिच्यात मनातलं लिहीन आणि ती कपाटात कपड्यांखाली ठेवीन, म्हणजे बू कुस्तिनाचं नाक तिथवर पोचणार नाही.

बू कुस्तिना केंद्रातली सगळ्यात जुनी. इथे सगळ्याच बायकांना मान म्हणून बू म्हणतात, तिला जरा जास्तच. मुलांना बोलतं करायचं काम ती एकतीस वर्षं करते आहे आणि हा आकडा दिवसातून एकदा तरी ऐकवते. तिची पद्धत म्हणजे वाट बघणं. चित्र पुढे ठेवायचं आणि बसायचं. मूल चित्राकडे बघेल, मग तुमच्याकडे बघेल, मग कधीतरी बोट करेल. आज चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मला म्हणाली, “हेस्ती, मूल म्हणजे काय मोटरसायकल आहे, लाथ मारली की सुरू व्हायला?” सगळे हसले. मीही हसले. चहा कडू लागला.

निंग्रुम सात वर्षांची. कान उत्तम, जीभ उत्तम, डॉक्टरांनी दोनदा तपासलंय. पण शब्द नाही. मेणबत्तीवर फुंकर मार म्हटलं तर ज्योतीकडे बघत बसते. सकाळी तिची आई मुर्याती आणून सोडते, दुपारी बाप तुकिरान न्यायला येतो. तो मोटरसायकलवर भाड्याने माणसं पोचवतो. पोरीला पुढ्यात बसवतो, दोघांच्या कमरेभोवती मिळून एक सारोंग, लुंगीसारखं लांब कापड, गुंडाळतो, घट्ट गाठ मारतो आणि धुक्यात दिसेनासा होतो. आमच्या वोनोसोबोत दुपारी तीनला दिवा लावावा लागतो, इतकं धुकं.

१६ फेब्रुवारी

सेमारांगहून परतले. दोन दिवसांचं प्रशिक्षण. मी आयुष्यात इतकी रडले नव्हते.

राजधानीतून आलेल्या बाई सांगत होत्या की या मुलांकडे सांगायचं सगळं असतं, फक्त हात त्यांच्या ताब्यात नसतो. आपण मनगटाला आधार द्यायचा. समोर अक्षरांची पाटी ठेवायची. हात आपला आपण अक्षरं शोधतो. त्यांनी चित्रफीत दाखवली. बारा वर्षांचा मुका मुलगा, मागे त्याची शिक्षिका, आणि पाटीवर एकेक अक्षर करत त्याने आईला लिहिलं, ‘मी आत आहे.’

नियम तीनच. मुलावर विश्वास ठेवा. परीक्षा घेऊ नका. शंका आली तर पाटी मिटा, कारण शंका हातातून मुलाला कळते आणि ते गप्प होतं. मधल्या सुट्टीत मी बाईंना हळूच विचारलं, “पण लिहितंय ते मूलच, मी नाही, हे कसं ओळखायचं?” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हा प्रश्न तुमच्या मनात कुणी घातला?” मला बू कुस्तिनाचा चेहरा दिसला आणि लाज वाटली.

२१ फेब्रुवारी

पाटी मीच बनवली. जाड पुठ्ठा, वर काळी अक्षरं, डाव्या कोपऱ्यात ‘हो’, उजव्या कोपऱ्यात ‘नाही’. निंग्रुमच्या मागे बसले, तिचं मनगट धरलं. हात गार होता. अर्धा तास नुसता लोळागोळा. मग एकदा ओढ लागली. खरंच लागली. माझ्या हाताला कळलं. बोट एका अक्षरावर गेलं, मग दुसऱ्या. दोन अक्षरं. आई.

माझ्या अंगावर काटा आला. निंग्रुम खिडकीकडे बघत होती. बाईंनी सांगितलंच होतं, ही मुलं तिरक्या नजरेने बघतात, आपल्याला ते कळत नाही.

२२ फेब्रुवारी

मुर्यातीला दाखवलं. तिने पाटीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि जमिनीवर बसली. “सात वर्षं, बू,” एवढंच म्हणाली. मग माझे हात धरून कपाळाला लावले. मी सोडवून घेतले, पण लगेच नाही.

दुपारी तुकिरान आला. त्यालाही सांगितलं. तो माणूस जरा हसरा आहे, दात पुढे. डोक्यावरची टोपी काढून डोकं खाजवत राहिला. “मग विचारा की बू, आज पुढे बसणार का मागे?” मी निंग्रुमचा हात धरला. मला काय ठाऊक तिला कुठे बसायचंय? हात थोडा घुटमळला आणि लिहिलं, ‘मागे’. सात वर्षांची झाली, आता मोठ्या मुलींसारखं मागेच बसावंसं वाटणार. निंग्रुम उठली, बाहेर गेली आणि नेहमीसारखी पुढे चढून बसली. तुकिरान खो खो हसला. “बोलते एक, करते एक! अगदी आईवर गेली!”

मला त्याचं ते हसणं आवडलं नाही. पोरीच्या पहिल्या शब्दावर बाप असा हसतो?

१ मार्च

चार दिवस गावी होते. वडिलांना जाऊन हजार दिवस झाले, त्याची पंगत. भावाने शेळी कापली, अख्खं गाव जेवून गेलं. जो तो मला सांगत होता, तुझे वडील केवढे शिस्तीचे हेडमास्तर. मी मान डोलावत होते. परसात गेले तर बदकांचं खुराडं भावाने पाडून टाकलेलं. तिथे आता पपईचं झाड आहे. लहानपणी मी अडखळत बोलायचे आणि वडील मला त्या खुराड्यात कोंडायचे. एक वाक्य न अडखळता म्हणता आलं की कडी निघायची. बदकांचा तो वास आणि अंधार. असो. आज मी पन्नास माणसांसमोर घडाघडा बोलते, ते त्यांच्यामुळेच, असं आई म्हणायची.

५ मार्च

निंग्रुम आता वाक्यं लिहिते! आज लिहिलं, ‘तू एकटीच मला ऐकतेस.’ मुर्याती शेजारी होती. तिने विचारलं, “एकटीच?” मला अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, “अगं, ती पाटीबद्दल बोलतेय.”

मध्येच ती हात ओढून घेते. परवा चावली. प्रशिक्षणाच्या टिपणात आहे, विरोध म्हणजे भीती, आणि भीती असते ती सांगायची. मी पकड थोडी घट्ट केली.

बू कुस्तिनाने तिच्या टोचणाऱ्या आवाजात विचारलं, “पोरीला अक्षरं कुणी शिकवली गं?” आमच्या भिंतीवर अक्षरांचे तक्ते आहेत, वर्षभर ती ते बघतेच आहे. मुलं ऐकून बघून शिकतात. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, “मग माझी एकतीस वर्षं वाया गेली म्हणायची. नुसता तक्ता टांगायचा होता.”

१२ मार्च

आज मन थाऱ्यावर नाही.

मी निंग्रुमला विचारलं, तुला कशाची भीती वाटते? लिहिलं, ‘अंधार. कोंडतात.’ मी विचारलं, कोण? मग सावकाश, ‘बाप’.

खोलीत फक्त आम्ही दोघी. मी पुन्हा विचारलं, बोलत नाहीस म्हणून? बोट सरळ ‘हो’वर गेलं, क्षणाचाही विलंब नाही. इतक्या वेगाने ते आजवर कधी गेलं नव्हतं.

ओठ असे मिटलेले, डोळे खिडकीत, आणि आत हे सगळं! किती वर्षं हे लेकरू कुणीतरी विचारावं म्हणून थांबलं असेल. मला कुणी विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं.

१४ मार्च

अजून लिहिलं. ‘कडी बाहेरून. बदकांचा वास.’

बू कुस्तिनाला सांगायचं नव्हतं, पण नियमाप्रमाणे अशी गोष्ट आधी ज्येष्ठ सहकाऱ्याच्या कानावर घालावी लागते. तिने चष्मा काढला. “हेस्ती, तुकिरानकडे बदकं कुठे आहेत? मी जाऊन आलेय त्यांच्या घरी. दोन खोल्या, आणि परसात गटार.”

“शेजाऱ्यांची असतील.”

“शेजारी चटण्या-लोणच्याचं दुकान आहे.”

मी म्हटलं, मग पूर्वी असतील. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, चित्र पुढे ठेवून मुलांकडे बघते तशी. मला ती नजर असह्य झाली. “तुमच्या गावाकडे बदकं पाळतात ना गं?” तिने विचारलं. आमच्याकडे सगळेच पाळतात, मी म्हटलं आणि उठून आले. हिला काय सुचवायचंय? माझं नाव झालेलं हिला बघवत नाही, दुसरं काय.

१८ मार्च

मुर्यातीला सांगितलं. सांगणं भागच होतं.

ती आधी म्हणाली, “नाही बू. तो तसा नाही. चिडतो कधी, पण पोरीला बोट लावत नाही.” मी निंग्रुमचा झगा वर केला. कमरेला दोन्ही बाजूंनी लाल वळ. मुर्याती म्हणाली, “तो सारोंगचा असेल, गाडीवर बांधतो ना पडू नये म्हणून.” मी नुसता पोरीचा हात धरला. पाटीवर आलं, ‘बांधतो. दुखतं.’

मुर्याती भिंतीला टेकली. “बू, सात वर्षं मी हिच्या तोंडून एक शब्द मागितला. मशिदीत मागितला, आजीच्या कबरीवर मागितला. आता ती बोलतेय आणि मी म्हणू, बाळा, तुझ्यावर माझा विश्वास नाही? तुम्हीच सांगा, कुठल्या तोंडाने म्हणू?”

मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी रडलो. निंग्रुम दाराशी उभी राहून चौकटीवर बोटं वाजवत होती. तीन वाजत आले होते, बाप यायची वेळ.

१९ मार्च

बू कुस्तिनाने आज डाव साधला. मी नाही म्हणणार हे ओळखून केंद्र चालवणाऱ्या वरिष्ठांसमोरच म्हणाली, “एक छोटा खेळ खेळूया.” मधोमध घडी घातलेला पुठ्ठा. एका बाजूचं चित्र निंग्रुमला दिसेल, दुसऱ्या बाजूचं मला. मला दिसली छत्री. पोरीने लिहिलं, ‘छत्री’. मला दिसला कोंबडा, पोरीने लिहिलं, ‘कोंबडा’. सहा वेळा. मग बू कुस्तिनाने पुठ्ठा फिरवून वरिष्ठांना दाखवला. निंग्रुमच्या बाजूला केळं होतं, मग चमचा, मग मासा.

मी सांगितलं की परीक्षा घेतली की मूल बिथरतं, ते आधार देणाऱ्याच्या मनातलं पकडतं, प्रशिक्षणात हे स्पष्ट सांगितलं होतं. वरिष्ठ म्हणाल्या, “बघू, पुढच्या महिन्यात सविस्तर बोलू.” त्यांना भांडण नको असतं. शिवाय केंद्राकडे चौकशीला रोज दोन-तीन आया येताहेत, पाटीवाल्या बू हेस्ती कोण म्हणून.

बाहेर पडताना बू कुस्तिना हळू आवाजात म्हणाली, “तुझ्यावर राग नाही माझा. पण त्या माणसाचं घर मोडण्याआधी थांब.” ती असं मवाळ बोलली की मला जास्त भीती वाटते.

कमरेचा वळ तरी खोटा होता का? तो काय मी काढला?

२३ मार्च

काल गल्लीच्या मुखियाकडे, पा सुतेजोंकडे, बैठक झाली. आमच्याकडे पोलिसांआधी गल्ली. पा सुतेजो, त्यांच्या पत्नी, मशिदीतले एक वृद्ध, मुर्याती, मी. तुकिरान सगळ्यात शेवटी आला, दारातूनच वाकून, हात पुढे करत, सतरंजीच्या कडेला बसला. गरम चहा आला, सोयाबीनच्या तेंपेची भजी आली. पहिला अर्धा तास सगळे बटाट्याच्या पिकाबद्दल बोलले.

मग पा सुतेजो म्हणाले, “तुकिरान, आम्ही तुझ्या बापाच्या वयाचे. पोरीने काही सांगितलंय. तू तिला कोंडतोस, बांधतोस, असं. तुझं काय म्हणणं?”

तुकिरानने मान खाली घातली. अंगठे एकमेकांवर ठेवून बसून राहिला. चहाला हातही लावला नाही. शेवटी म्हणाला, “तुम्ही वडीलधारी माणसं. बू तर शिकलेल्या. माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफी असावी.”

पा सुतेजोंच्या पत्नीने ओढणीने तोंड झाकलं. मशिदीतले आजोबा “अरेरे” म्हणाले. झालं. त्यापुढे कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

इथे मात्र खरं लिहिते. ते वाक्य आम्ही सगळेच म्हणतो. ईदेला म्हणतो, पाहुण्यांच्या घरून निघताना म्हणतो, वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवायचा नसला की म्हणतो. वडील बोलायचे तेव्हा मीही हेच म्हणायचे, माझी काही चूक नसली तरी. काल ते ऐकल्यावर एक क्षण मला वाटलं, सांगावं, अहो, हा कबूल करत नाहीये, हा फक्त मान राखतोय. पण सगळे माझ्याकडे बघत होते. आणि खरंच निर्दोष असता तर बोलला नसता का? मी होते लहान. हा तर चाळिशीचा गडी.

ठरलं की त्याने काही दिवस तेमांगुंगला भावाकडे राहावं. तो उठला, सगळ्यांसमोर वाकला, माझ्यासमोरही. म्हणाला, “बू, तिला गाडीवर मागे बसवू नका कुणी. झोप लागते तिला चढावर.” त्याच्या चपला दारात उलट्या पडल्या होत्या, त्या सरळ करून गेला.

२ एप्रिल

दहा दिवस काही लिहिलं नाही. दमले. सहा नव्या मुलांना पाटी सुरू केली. वरिष्ठांनी मला वेगळी खोली दिली. बू कुस्तिनाने सुट्टी घेतली आहे, गुडघे दुखतात म्हणते.

निंग्रुम दुपारी तीन वाजता दाराशी जाऊन उभी राहते. मुर्याती ओढून नेते तेव्हा ताठ होते, पाय जमिनीला लावून. मी तिला पाटीवर विचारलं, ‘कशाला उभी राहतेस?’ उत्तर आलं, ‘तो येईल याची भीती.’ मुर्यातीने ते वाचलं आणि गल्लीत सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी तुकिरानच्या भावाला फोन करून दम दिला.

९ एप्रिल

निंग्रुम आता हात देत नाही. खोलीत आली की दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यावर बसते. ओढून काढावे लागतात. वजन उतरलंय. आईच्या हातचं खात नाही, भात तोंडात धरून बसते.

पा सुतेजो सांगत होते, तुकिरानने निरोप पाठवला, लांबून एकदा बघू द्या. मुर्याती विचारायला आली. पाटीने सांगितलं, ‘नाही.’ पा सुतेजो म्हणाले, मग कागदच करून टाकू गावच्या कार्यालयात, म्हणजे त्याला जवळ यायची मनाई होईल. त्यानंतर प्रकरण पोलिसांकडे जाईल, त्यांचं ते बघतील. आईने सही केली की पुरे, साक्षीला मी. सोळा तारीख ठरली.

१४ एप्रिल

आज निंग्रुमच्या घरी गेले होते, सरावाला. ती मुर्यातीच्या पलंगाखाली शिरली आणि बापाचं हेल्मेट घेऊन बाहेर आली. जुनं, लाल, काचेला तडा गेलेलं. ते तिने स्वतःच्या डोक्यात घातलं. नाकापर्यंत आलं. मग चाचपडत माझ्याकडे आली, माझा हात धरला, तिने माझा, आणि मला ओढत दारापर्यंत नेलं. कडीवर माझा हात ठेवला. मान वर करून, त्या तडकलेल्या काचेतून, माझ्याकडे बघितलं. सरळ. तेरा महिन्यांत तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

मुर्याती तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. “बू, काय म्हणतेय ती?”

मी पाटी काढली. दुसरं काय करणार? तिला बसवलं, हात धरला, हेल्मेट तसंच डोक्यात. बोट फिरलं. ‘हे घेऊन जा. मला भीती वाटते.’ मुर्यातीने हेल्मेट काढून कपाटावर ठेवलं. निंग्रुम ओरडली. आवाज कधी न काढणारी पोर अशी ओरडली की शेजारचे धावत आले. तासभर ओरडत होती.

१५ एप्रिल

काल ओरडणं ऐकल्यापासून मी नीट जेवले नाही.

आज सगळ्यांना घरी पाठवल्यावर माझ्या खोलीत एक गोष्ट केली. निंग्रुमला न्यायला मुर्याती उशिरा येणार होती. मी फोन पुस्तकांना टेकवून उभा केला, पाटी आणि आम्ही दोघी दिसू अशा बेताने, आणि चित्रीकरण सुरू केलं. आधी नेहमीसारखं. विचारलं, ‘बापाची आठवण येते?’ बोट ‘नाही’वर. मग मी डोळे गच्च मिटले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. शब्दांत सांग, म्हटलं. हात फिरत राहिला. मला वाटलं, लिहितेय, खूप लिहितेय.

मग बघितलं. दोनदा बघितलं.

डोळे मिटले होते तेव्हा बोट पाटीबाहेर टेबलावर गेलं आहे, पुठ्ठ्याच्या कडेवर गेलं आहे, एकाही अक्षराचा दुसऱ्याशी संबंध नाही. आणि डोळे उघडे होते तेव्हा? ‘नाही’ लिहिताना निंग्रुम पाटीकडे बघतच नाही. तिचं तोंड दाराकडे आहे. तिचं मनगट माझ्या मुठीत आहे आणि माझा कोपर उजवीकडे सरकतो आहे. अगदी हळू. मला तो सरकताना कळला नव्हता. आजही फोनमध्ये बघताना तो माझा कोपर वाटत नाही.

बदकं माझी. अंधार माझा. कडीही माझीच.

चित्रण पुसून टाकलं. बू कुस्तिनाला फोन लावला, तिने उचलला, “हॅलो” म्हणाली. माझी जीभ पहिल्याच अक्षराला अडकली. कित्येक वर्षांनी. ती वाट बघत राहिली, तिच्या सवयीने, एक शब्दही न बोलता. मीच फोन ठेवला.

उद्या ‘हो’ करायचं ठरवलंय. मुर्याती शेवटचं विचारणार, मला माहीत आहे. मी हात डावीकडे नेईन. तेही खोटंच, पण एवढं एकच खोटं अजून. तुकिरान परत येईल, पाटी हळूहळू बंद करीन, म्हणेन पोर दमते. कुणाला काही सांगावं लागणार नाही.

१६ एप्रिल

गावच्या कार्यालयात दहाला जायचं होतं. मुर्याती साडेआठलाच पोरीला घेऊन केंद्रात आली. सोबत पा सुतेजो आणि त्यांच्या पत्नी. नव्या मुलांच्या आयाही दाराशी जमल्या होत्या, त्यांना पाटी बघायची होती.

“बू, एकदाच विचारा,” मुर्याती म्हणाली. “बापाला परत आणू का? ती हो म्हणाली तर हा कागद आत्ता फाडते. नाही म्हणाली तर सही करते, आणि मग पुन्हा कधी विचारणार नाही. तुमची शपथ.”

मी बसले. निंग्रुमचे हात मांड्यांखाली होते. मी ओढणार, तेवढ्यात तिने उजवा हात आपणहून काढला आणि माझ्या हातात ठेवला. नुसता ठेवला, तळवा वर करून. गार नव्हता आज. दारातल्या बायका “बघा, बघा” करायला लागल्या.

मी मोठ्याने विचारलं, “बापाला परत आणायचं, न्दुक, बाळा?”

डावीकडे न्यायचा होता. मी शुद्धीवर होते, ठरवून बसले होते. मग दारातल्या त्या सहा आया दिसल्या. पा सुतेजो दिसले. ‘हो’ आलं तर कुणीतरी विचारणारच, मग आधीचं सगळं काय होतं? कोंडतो, बांधतो, ते कुणी लिहिलं? आणि मला उत्तर द्यावं लागेल, तोंडाने, या सगळ्यांसमोर.

बोट उजव्या कोपऱ्यात जाऊन थांबलं.

ते मी नेलं नाही असं मी म्हणत नाही. नेलं असंही म्हणवत नाही. निंग्रुमने हात काढून घेतला नाही. ती माझ्याकडे बघत होती, परवा बघितलं तशीच, काहीतरी होईल म्हणून.

मुर्यातीने डोळे पुसले आणि पेन मागितलं. माझंच दिलं. कार्यालयात तिची सही झाली, त्याखाली साक्षीदार म्हणून माझी. कारकुनाने विचारलं, “पोरीचा अंगठा घ्यायचा का?” पा सुतेजो म्हणाले, घ्या, तिचंच तर म्हणणं आहे. तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवायला तिचं मनगट मीच धरलं.